पावडर मागायला गेले, त्यांनी मासा मागितला

मागच्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नाशिकच्या पंचवटीतल्या माशांच्या खाद्याच्या एका दुकानात पहिल्यांदा गेले, तेव्हा माझ्या पिशवीत एका पावडरीचं रिकामं पाकीट होतं. तसलीच आणखी दोन किलो हवी होती. गल्ल्यावरच्या काकांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं, चष्मा कपाळावर चढवला आणि आत हाक मारली, "सूनबाई, जरा बाहेर या." सूनबाई हात पुसत आल्या. तिशीच्या आतबाहेरच्या असतील. पाकिटाकडे एकदा नजर टाकून त्यांनी विचारलं, "मावशी, मासा आणलाय का?"

मी म्हटलं, मासा कशाला? मला पावडर पाहिजे.

"मग आज काहीच नेऊ नका. उद्या सकाळी एक मासा जिवंत घेऊन या, आणि जे खाद्य टाकता त्यातलं मूठभर. पोट बघू, मग ठरवू."

निफाडहून एसटीने यायचं, निमाणीला उतरायचं, तिथून पेठ नाक्याकडे भर उन्हात चालत जायचं आणि रिकाम्या हाताने परतायचं. खरं सांगते, राग आला. गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं आहे आणि हे लोक माल देत नाहीत! पण दुसऱ्या दिवशी गेले, आणि त्यानंतरच्या दीड वर्षात मी दुसरीकडून खाद्याचं एक पोतंही घेतलेलं नाही. दुकानाचं नाव इथे टाकत नाही. फोन सारखे वाजतात आणि काम होत नाही म्हणून काकांनीच नको म्हटलं. पेठ नाक्याच्या आसपास माशांच्या खाद्याचं दुकान विचारलंत तर कुणीही दाखवेल.

आधी माझं तळं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, प्लॅस्टिकचा कागद टाकलेलं शेततळं. काठोकाठ भरलं की जवळपास २२ लाख लिटर पाणी बसतं. खोदलं द्राक्षबागेसाठी, मासे नंतर सुचले. रोहू, कटला आणि थोडे मृगळ मिळून २००० मासे होते, साडेतीनशे ग्रॅमच्या घरात आलेले. निफाडकडच्या लोकांना सांगायला नको, आपलं तळं आधी बागेचं असतं आणि उरलंसुरलं माशांचं. खरड छाटणी झाली की पाणी बागेकडे ओढलं जातं. त्या एप्रिलमध्ये तळ्यात चार फूट पाणी उरलं होतं. चार फूट ऐकायला बरं वाटतं, पण बाजू उताराच्या असल्यामुळे ते भरलेल्या तळ्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा होतं. मासे मात्र तेवढेच.

मासे सुस्तावले होते, वजन हलत नव्हतं. तेवढ्यात एक माणूस मोटारसायकलवरून मळ्यात आला. माशांचं आतडं मजबूत करणारी 'ग्रोथ'ची पावडर, किलोला १८०० रुपये. पाकिटावर उड्या मारणाऱ्या माशाचं चित्र. आत काय आहे, किती आहे, कधी भरलंय, काहीही छापलेलं नव्हतं. मी वाचलंही नव्हतं, ही माझी चूक. तीन आठवडे घातली. नंतर रोज सकाळी चार-पाच मासे पांढरं पोट वर करून तरंगायला लागले, आणि मला वाटलं की पावडर कमी पडली.

तर दुसऱ्या दिवशी झाकणाच्या बादलीत एक रोहू घेऊन मी हजर. दुकानाच्या मागच्या बाजूला ओटा आहे, नळ आहे, स्टीलची परात आणि एक छोटा मायक्रोस्कोप. सूनबाई उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेल्या आहेत हे मला तिथे कळलं. त्यांनी मासा डोक्यावर एका फटक्यात शांत केला, गुदद्वारापासून कल्ल्यांपर्यंत कात्री चालवली आणि एक बाजू पाकळीसारखी उचलून धरली. मी आयुष्यभर मासे साफ केलेत. पण आतलं काढून टाकायचं असतं, बघायचं नसतं, अशीच सवय.

"ही बघा पित्ताची पिशवी," त्या म्हणाल्या. गडद हिरवी, जवळजवळ काळी, तट्ट फुगलेली. "मासा खातो तेव्हा पित्त आतड्यात उतरतं आणि पिशवी सैल पडते. खाल्लं नाही की पित्त साठत राहतं. हा मासा बरेच दिवस जेवलेला नाही, मावशी."

मी रोज २० किलो खाद्य टाकत होते. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा निम्मेनिम. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

मग त्यांनी आतडं सोडवलं. रोहूचं आतडं म्हणजे दोऱ्याची गुंडी असते, सोडवत जावं तितकं लांब होतं. कार्प जातीच्या माशांना आपल्यासारखं जठरच नसतं, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे खाल्लेलं आम्लात भिजवून मऊ करायची सोयच नाही. जे काय पचायचं ते त्या लांब नळीतच. थोडं थोडं आलं तर पचतं, एकदम ढीग आला तर तसंच पुढे सरकतं. माझ्या रोहूची नळी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती, बोटावर धरली तर पलीकडचं नख दिसत होतं. आत खाद्याचा कण नाही, नुसता पिवळट चिकट स्राव. यकृत फिकं पडलेलं. सूनबाईंनी माझ्या पेंडीची मूठ नाकाशी नेली आणि मला वास घ्यायला लावला. कुबट. पेंड ओलीला लागली होती, आणि शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी धरली की तिचं विष आधी यकृताला लागतं.

त्यानंतर प्रश्न सुरू झाले. पाणी किती फूट आहे? खाद्य किती वाजता पडतं? पहाटे कधी तळ्यावर गेलाय का? मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात का? पंपाचा फुटबॉल, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाची झडप, कुठे सोडलाय? पाणकावळे येतात का? नांदूरमध्यमेश्वर आमच्याजवळच, पाणकावळे येतातच. पावडरीबद्दल एक प्रश्न नाही.

खाद्य गडी सकाळी साडेसहाला टाकायचा, कारण सातला तो बागेत लागतो. सूनबाईंनी कात्री खाली ठेवली. म्हणाल्या, दिवसा पाण्यातलं शेवाळ प्राणवायू तयार करतं. रात्री शेवाळही तोच वापरतं आणि मासेही. सूर्य उगवायच्या वेळेला पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. आणि अन्न पचवायलाही प्राणवायू लागतो. ज्या घटकेला मासा श्वासासाठी धडपडतोय, त्याच घटकेला तुम्ही त्याच्या पुढ्यात ताट ठेवताय.

ताणाचं त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. मासा घाबरला, गुदमरला, दाटीत सापडला की त्याच्या अंगात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. आपल्याही अंगात ताण आला की तेच वाढतं. जीव वाचवायचा असतो तेव्हा रक्त कल्ल्यांकडे आणि स्नायूंकडे वळतं, आतड्याला कमी मिळतं, भूक मरते. हे तासाभराचं असेल तर मासा सावरतो. रोज पहाटे तेच होत राहिलं तर आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचे जोड सैल पडतात आणि आतले जंतू, विषारी घटक रक्तात शिरतात. म्हणजे माशाचं पोट बिघडलं होतं हे खरं, पण बिघाड पोटात सुरू झाला नव्हता. तो पाण्यात सुरू झाला होता. वर न खाल्लेली पेंड प्लॅस्टिकवर बसून कुजत होती. मातीचं तळं असतं तर तळातल्या गाळाने थोडंफार पोटात घेतलं असतं. कागदावर सगळं उघडं पडतं, कुजताना उरलासुरला प्राणवायू ओढतं आणि अमोनिया सोडतं.

त्या दिवशी मला मिळालं ते असं: पाण्यातला प्राणवायू मोजायचा संच, तरंगत्या खाद्याची दोन पोती आणि एक चिठ्ठी. दोन दिवस खाद्य पूर्ण बंद. विहिरीचं पाणी सोडून दीड फूट पातळी वाढवा. पहाटे दोन ते सात एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळायचं यंत्र, चालवा. मग खाद्य सकाळी दहाला आणि दुपारी चारला, पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढंच. पावडर? "दहा दिवसांनी या, तेव्हा बघू."

पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन तळ्यावर गेले. बाटलीत पाणी भरायचं, एकामागून एक औषधं टाकायची, शेवटी पाणी निळं होतं आणि मग तो निळा रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे. माझा निळा रंग फार लवकर गेला. लिटरला २.४ मिलिग्रॅम. रोहू-कटल्याला ५ च्या वर पाहिजे. मासे कडेला रांगेने तोंड वर काढून होते, आणि मला वर्षभर वाटायचं की ते खाद्याची वाट बघतात.

एअरेटर शेजाऱ्याकडून भाड्याने आणला. चौथ्या पहाटे आकडा ४.८ आला. खाद्य सुरू केलं तेव्हा आधी कटले वर आले, ते वरच खातात. रोहू दोन दिवस लांबून बघत राहिले. तरंगत्या खाद्याचा मोठा उपयोग हाच, की मासा जेवला की नाही हे डोळ्यांना दिसतं. पेंड-कोंडा खाली बसायचा आणि मी समाधानाने घरी जायचे. बाराव्या दिवशी दुसरा रोहू घेऊन गेले. पित्ताची पिशवी लहान, फिक्या रंगाची, सैल. आतडं तपकिरी खाद्याने भरलेलं, दोरीसारखं. सूनबाईंनी परात माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा." मी सांगितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, लपवलं नाही.

आता पावडरीबद्दल. शेवटी त्यांनी मला अर्धा किलो प्रोबायोटिक, म्हणजे आतड्याला उपयोगी जिवंत जंतूंची पावडर, दिलंच, दोन किलो मागूनही अर्धाच. त्याच्या पाकिटावर जंतूचं नाव आहे, बॅसिलस सबटिलिस. ग्रॅममागे किती जिवंत जंतू ते सीएफयूमध्ये छापलेलं आहे, तारीख आहे, बॅच नंबर आहे. यातलं एक जरी नसेल तर पाकीट हातात धरू नका. बॅसिलसचं बरं असं की तो बीजाणू करून कवचात राहतो, उष्णता सोसतो. लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दह्याच्या जातीतला, तेवढा टणक नाही. गरम वाफेतून निघणाऱ्या खाद्यात तो जिवंत राहणं अवघड, म्हणून तो वरून चोळावा लागतो.

चोळायची रीत त्यांनी दुकानातच करून दाखवली. १० किलो खाद्याला ५० ग्रॅम पावडर. अर्धा लिटर पाण्यात मूठभर गूळ उकळून पूर्ण थंड करायचा. कोमट चालत नाही, बोट बुडवून गार लागला पाहिजे. त्यात पावडर कालवायची आणि खाद्यावर शिंपडत खालीवर करायचं, चिवड्याला फोडणी लावतो तसं हलक्या हाताने, नाहीतर गोळ्या फुटतात. मग गोणपाटावर सावलीत अर्धा तास. शेवटी चमचाभर तेलाचा हात, म्हणजे पाण्यात पडल्या पडल्या धुऊन जात नाही. उन्हात वाळवलं तर मेहनत वाया.

फरक पडला का? मी प्रामाणिकपणे लिहिते: पावडरीमुळे किती पडला ते मला वेगळं काढता येत नाही. पाणी वाढलं, हवा आली, वेळ बदलली, कुबट पेंड गेली, आणि मग पावडर आली. हे सूनबाईंना विचारलं तर त्यांनीही हेच सांगितलं. पावडर विकणाऱ्याच्या तोंडून हे ऐकायला मिळालं, म्हणून मी या दुकानाबद्दल एवढं लिहायला बसले आहे. या वर्षी मी पावडर फक्त जाळं टाकायच्या आधीचे पाच दिवस, नंतरचे पाच दिवस आणि पाऊस लागल्यावर आठवडाभर वापरली. जाळ्याच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवते, रिकाम्या पोटी मासा हाताळणी जास्त सोसतो.

माझा भाचा घोटीजवळ डुकरं पाळतो, १२ माद्या आहेत. त्याची पिल्लं आईपासून तोडली की चौथ्या-पाचव्या दिवशी हगवण लागायची आणि दर वेतात दोन-तीन जायची. त्याला कोलिस्टिन हे जंतू मारणारं औषध हवं होतं, कुणीतरी सांगितलं होतं. मी त्याला इथे घेऊन आले. काकांनी सरळ सांगितलं, "दादा, ते मिळणार नाही. खाण्याच्या जनावरांसाठी ते जुलै २०१९ पासून बंद आहे. माणसाला शेवटच्या वेळी लागणारं औषध आहे." भाचा मला म्हणाला, "आत्या, दुसरीकडे बघू." मी म्हटलं, थांब, यांना विचारू तरी दे.

पुन्हा तेच. पिल्लू आणायचा प्रश्न नव्हता, पण प्रश्नांची सरबत्ती होती. कितव्या दिवशी तोडता? २८व्या. किती वेतं एका खोलीत घालता? तीन. त्याच दिवशी? हो. खाद्य काय? कणी, कोंडा, सोयाबीन पेंड, चक्कीवर एकदम बारीक दळून, पिठासारखं.

सूनबाईंनी टॉवेल दाखवला, हात पुसायचा. पिल्लाच्या आतड्याला आतून असे धागे असतात, दूध पीत असताना उंच आणि दाट. एका दिवसात आई गेली, दूध गेलं, अनोळखी पिल्लांशी मारामारी सुरू झाली. पिल्लू दिवसभर काही खात नाही. तेवढ्यात ते धागे झडून आखूड होतात. मग भूक असह्य होते आणि पिल्लू हावरटासारखं धान्य खातं, पण जठरात आम्ल अजून पुरेसं तयार होत नाही आणि पचवायला धागेही उरलेले नाहीत. न पचलेलं प्रथिन खाली उतरतं आणि ई. कोलाय नावाचा जंतू त्यावर माजतो. युरोपात या हगवणीवर खाद्यातून भरमसाट झिंक ऑक्साइड देत, तेही जून २०२२ पासून तिथे थांबलं, कारण ते शेणामुतातून जमिनीत साठतं.

भाच्याला दिलेला सल्ला: दहाव्या दिवसापासून आईजवळ असतानाच चिमूटभर खाद्य पसरट ताटलीत ठेवायचं, रोज ताजं. तोडताना पिल्लांना जुन्या जागेवर ठेवून मादी हलवायची. वेतं मिसळायची नाहीत. भाताचा पेंढा टाकायचा, तिकडे इगतपुरी पट्ट्यात त्याला तोटा नाही. नाकाने उकरायला काही मिळालं तर डुकरं एकमेकांची शेपटी चावत नाहीत. आणि चक्कीची जाळी बदला. बारीक पिठाने डुकराच्या जठरात जखमा होतात हे ऐकल्यावर भाचा गप्प झाला. महिन्यापूर्वी त्याचं ७० किलोचं डुक्कर अचानक पांढरंफटक पडून मेलं होतं आणि सरकारी डॉक्टरांनी चिरून जठरातला व्रण दाखवला होता. महामार्गावरच्या ढाब्यांचं खरकटं घालतो म्हटल्यावर मात्र काकांचा आवाज चढला. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग २०२० मध्ये देशात आला आहे, त्यावर औषध नाही, आणि खरकट्यातल्या मांसातून तो येऊ शकतो. घालायचंच नाही.

त्या दिवशी भाच्याने फक्त ६०० रुपयांची खरेदी केली. नंतरच्या दोन वेतांत मिळून एकच पिल्लू गेलं.

आता तक्रारी. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, छोटा हत्ती आत येत नाही, पोती हातगाडीवरून नाक्यापर्यंत आणावी लागतात. उधारी अजिबात नाही, द्राक्षाचे पैसे अडकलेले असताना हे जड जातं. भाव इतरांपेक्षा पोत्यामागे ४०-५० रुपये जास्त. बारीक दाण्याचं खाद्य ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे सगळ्यांकडे बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, असतात नेमकं तेव्हा, संपलेलं असतं. मासा दाखवायला गर्दीच्या दिवशी तासभर थांबावं लागतं आणि बसायला एकच बाकडं आहे. आणि एकदा त्यांनी मला दिलेलं लॅक्टोबॅसिलसचं पाकीट दारातल्या मांडणीवर उन्हात तापलेलं होतं. मी हात लावून दाखवलं. काकांनी बदलून दिलं आणि पुढच्या वेळी गेले तर ती सगळी मांडणी आत, भिंतीच्या सावलीला हलवलेली होती.

मासा चिरून बघायचे ते पैसे घेत नाहीत. मी म्हणते घ्यावेत. सकाळी दहा ते दोन सूनबाई असतात, सोमवारी नसतात. मासा जिवंत किंवा बर्फात, मेल्याला तास-दोन तासांपेक्षा जास्त झालेला नको, आतडं लगेच विरघळायला लागतं आणि मग काही वाचता येत नाही. सोबत खाद्याची मूठ आणि पहाटेच्या पाण्याचा आकडा घेऊन जा.

परवापासून माझ्या तळ्यात एक मृगळ कडेकडेने एकटाच फिरतोय, बाकीचे नीट खातायत. पहाटेचा आकडा ५.२ आहे, म्हणजे हवेचं कारण नसावं. शनिवारी त्याला बादलीत घालून पहिल्या गाडीने निघणार आहे.